संस्थेचा सीए : निवड कशी करावी, काम कसे करावे
(अभ्यासलेख)



या अंकातील अभ्यास हिशेबाविषयी आहे. आपल्यापैकी बरेच जण मंडळीच्या कमिटीवर आहेत, काही जण एखाद्या संस्थेचे विश्वस्त आहेत आणि बाकीचे सर्व जण डोंगरपाड्यांवरील वसतिगृहे, बालवाड्या, दवाखाने व शिवणवर्ग यांसाठी नियमित देणगी पाठवतात. या तिघांनाही हा विषय लागू आहे. विश्वस्ताला सीए नेमावा लागतो, कमिटीला त्याचा अहवाल वाचावा लागतो आणि देणगीदाराला त्या अहवालावरून विश्वास ठेवावा लागतो.

आदिवासी भागातील सेवाकार्यात हिशेबाच्या चुकीची किंमत बहुधा ती चूक करणारा मोजत नाही. परतावा वेळेत भरला नाही म्हणून करसवलत अडकली, नोंदणीचे नूतनीकरण राहिले म्हणून परदेशी मदतीचे खाते थांबले, तर जून महिन्यात वसतिगृहाच्या दारात पेटी घेऊन उभ्या असलेल्या मुलाला परत जावे लागते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर निघालेल्या आईबापांबरोबर ते मूलही जाते आणि त्याची शाळा तेथेच थांबते. म्हणून हिशेबाकडे कारकुनी काम म्हणून न पाहता सेवेचाच एक भाग म्हणून पाहू या.

शास्त्रातील दोन उदाहरणे

२ राजे १२ व्या अध्यायात योवाश राजाच्या काळी मंदिराच्या दुरुस्तीचा प्रसंग आहे. लोक पैसे देत होते, पण अनेक वर्षे दुरुस्ती होत नव्हती. तेव्हा यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. पेटीत पैसे साठले की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येऊन ते मोजत आणि थैल्यांत बांधत. याच अध्यायात पुढे असेही सांगितले आहे की, ज्यांच्या हाती कामगारांना द्यायचे पैसे सोपवले, त्यांच्याकडे हिशेब मागत नसत, कारण ते इमानाने वागत. ‘आपली माणसे विश्वासू आहेत, मग तपासणी कशाला?’ असे म्हणणारे या वचनाकडे बोट दाखवतात. पण त्याआधीचे वचनही वाचावे. पेटी उघडताना आणि पैसे मोजताना दोन माणसे होती आणि ती दोन वेगवेगळ्या कचेऱ्यांची होती, एक राजवाड्याचा आणि एक मंदिराचा. विश्वास होता आणि व्यवस्थाही होती.

दुसरे उदाहरण पौलाचे. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमवलेली मदत पोहोचवताना त्याने एकट्याने ती नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला आणि त्याचे कारणही २ करिंथ ८ व्या अध्यायात दिले. या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी दोष लावू नये आणि आपले वागणे प्रभूच्या दृष्टीने तसेच माणसांच्या दृष्टीनेही योग्य असावे, ही त्याची काळजी होती. आज आपल्या संस्थेत बाहेरून येऊन हिशेब पाहणारा सीए हे काम करतो.

तीन कामे वेगळी ओळखावीत

लहान संस्थांत ‘आमचा अकाउंटंट’ या एकाच शब्दाखाली तीन कामे मिसळलेली असतात.

पहिले काम हिशेब लिहिण्याचे. पावती फाडणे, व्हाउचर लावणे, रोजकीर्द आणि खातेवही लिहिणे किंवा टॅलीत नोंद करणे. हे संस्थेचा कर्मचारी किंवा बाहेरचा हिशेबनीस करतो. त्याने सीए असण्याची गरज नाही.

दुसरे काम लेखापरीक्षणाचे, म्हणजे ऑडिटचे. लिहिलेला हिशेब स्वतंत्रपणे तपासून त्यावर मत देणे. हे सनदी लेखापालाचे, म्हणजे सीएचे काम आहे.

तिसरे काम सल्ल्याचे. आयकराचे विवरणपत्र, नोंदणीचे नूतनीकरण, टीडीएस, परदेशी मदतीचे परतावे. हे सीए करतो किंवा कर सल्लागार करतो, पण ऑडिट अहवालावर सही मात्र कर सल्लागाराला करता येत नाही.

पहिले आणि दुसरे काम एकाच माणसाकडे असू नये. ज्याने वही लिहिली त्यानेच ती तपासली तर तपासणीला अर्थ उरत नाही. दुर्गम तालुक्यात माणसे कमी असतात हे खरे, पण हिशेब लिहिणारी एखादी बारावी झालेली, संगणक शिकलेली मुलगी गावातच तयार करता येते. मग सीए जिल्ह्याच्या ठिकाणी असला तरी चालते.

कायदा सीएकडून काय मागतो

महाराष्ट्रातील नोंदणीकृत संस्थांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. या कायद्याचे पूर्वीचे नाव मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम. त्यातील कलम ३२ प्रमाणे हिशेब ठेवणे विश्वस्तांचे कर्तव्य आहे, तर कलम ३३ व ३४ मध्ये ऑडिटची तरतूद आहे. साधारणपणे ३१ मार्चला हिशेब बंद होतात आणि त्यानंतर सहा महिन्यांत ऑडिट व्हावे लागते. ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक ठरलेल्या नमुन्यात, अनुसूची ८ आणि ९ प्रमाणे, तयार करतात.

या कायद्याखालील नियम १९ प्रत्येक विश्वस्ताने एकदा तरी वाचावा. सीएने अहवालात कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यायची ते त्यात दिलेले आहे. हिशेब नियमित लिहिलेले आहेत का? तपासणीच्या दिवशी हातातली रोकड वहीशी जुळली का? सर्व पावत्या, व्हाउचर व कागद दाखवले गेले का? स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही आहे का? पैसा संस्थेच्या उद्देशाबाहेर वापरला गेला का? एक वर्षाहून अधिक काळ येणे असलेल्या रकमा किती? ५,००० रुपयांवरच्या दुरुस्तीसाठी किंवा बांधकामासाठी निविदा मागवल्या का? सभा नियमित झाल्या का, इतिवृत्त लिहिले का? कोणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का? मागील वर्षी दाखवलेल्या चुका दुरुस्त झाल्या का?

ही यादी म्हणजे ऑडिटची प्रश्नपत्रिका आधीच हाती मिळण्यासारखे आहे. वर्षभर तिच्याकडे पाहून काम केले तर सप्टेंबरमध्ये धावपळ होत नाही.

याखेरीज आयकर खात्याचा वेगळा ऑडिट अहवाल असतो. आतापर्यंत तो १० बी किंवा १० बीबी या फॉर्ममध्ये देत आलो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर अधिनियम, २०२५ लागू होत असल्याने १२ ए, ८० जी अशी तोंडात बसलेली कलमे व फॉर्मचे क्रमांक बदलतात. कोणत्या वर्षाला कोणता क्रमांक, हे सीएकडून लेखी विचारून घ्यावे.

निवडताना काय पाहावे

१. सभासदत्व. सीए हा भारतीय सनदी लेखापाल संस्थेचा, म्हणजे आयसीएआयचा सभासद असतो आणि त्याला सभासद क्रमांक असतो. तो विचारण्यात कसलाही अपमान नाही. सीएने सही केलेल्या प्रत्येक ऑडिट अहवालावर यूडीआयएन नावाचा १८ अंकी क्रमांक असतो. १ जुलै २०१९ पासून तो सर्व प्रकारच्या ऑडिटसाठी सक्तीचा आहे. आयसीएआयच्या संकेतस्थळावर तो कोणालाही तपासता येतो. फक्त गोल शिक्का पाहून समाधान मानू नये.

२. धर्मादाय संस्थांचा अनुभव. दुकानाचे किंवा कारखान्याचे हिशेब उत्तम पाहणाऱ्यालाही संस्थेचे नियम ठाऊक असतीलच असे नाही. पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात. आपण किती नोंदणीकृत न्यासांचे ऑडिट करता? ८० जीच्या देणग्यांचे वार्षिक विवरण आपण भरता का? परदेशी मदत घेणाऱ्या संस्थेचे काम केले आहे का? उत्तरे सहज आली तर अनुभव आहे असे समजावे. तो सीए ज्या दोन-तीन संस्थांचे काम करतो, त्यांच्या खजिनदारांशीही बोलावे. त्यांना एवढेच विचारावे, ‘अहवाल मुदतीत मिळतो का, आणि फोन उचलतात का?’

३. स्वतंत्रपणा. विश्वस्ताचा मुलगा, जावई किंवा व्यवसायातील भागीदार ऑडिटर म्हणून नेमू नये. आपल्याच मंडळीतला सीए असला तर? तो विश्वासू बंधू किंवा भगिनी असेलही, पण पास्टर आणि खजिनदार यांना अवघड प्रश्न विचारताना त्याची जीभ अडखळेल. अशा व्यक्तीला सल्लागार किंवा प्रशिक्षक म्हणून सेवा करू द्यावी आणि ऑडिट बाहेरच्याकडे द्यावे. ख्रिस्ती सीएच हवा असा आग्रह धरण्याचेही कारण नाही. काम चोख असावे आणि संस्थेचा उद्देश समजून घेण्याची तयारी असावी, एवढे पुरे.

४. पोहोच. वर्षातून निदान एकदा सीएने किंवा त्याच्या सहायकाने कार्यस्थळी यावे. वसतिगृहाचे कोठार, मुलांचा हजेरीपट, शिवणयंत्रांवरचे क्रमांक हे जिल्ह्याच्या ठिकाणी बसून दिसत नाही. येण्याजाण्याचा खर्च फीमध्ये धरला आहे का, ते आधीच ठरवावे.

५. फी. ‘सेवाकार्य आहे, फुकट करून द्या’ असा आग्रह नेहमी हिताचा ठरत नाही. फुकटच्या कामाला घाई करता येत नाही आणि चूक दाखवता येत नाही. सवलतीची पण ठरलेली फी बरी. जो सीए नोंदणी मिळवून देण्यासाठी मिळणाऱ्या देणगीचा टक्का मागतो, किंवा ‘आत ओळख आहे, वरचे वेगळे द्यावे लागतील’ असे म्हणतो, त्याला नम्रपणे नमस्कार करून परत यावे. ऑडिटची फी त्याच्या निष्कर्षावर अवलंबून ठेवणे सीएंच्या आचारसंहितेलाही धरून नाही.

नेमणूक कागदावर असावी

विश्वस्तांच्या सभेत ठराव करून सीएची नेमणूक करावी आणि ठराव इतिवृत्तात लिहावा. मग नेमणुकीचे पत्र घ्यावे व द्यावे. त्यात पाच गोष्टी असाव्यात : कोणते वर्ष, कोणकोणती कामे, प्रत्येक कामाची फी, संस्थेने कागद देण्याची तारीख आणि सीएने अहवाल देण्याची तारीख. ‘सगळे बघतो’ या दोन शब्दांवर कामे सोपवली की धर्मादाय आयुक्तांकडील बदल अर्ज त्याला वाटतो वकील करतील, वकिलाला वाटते सीए करतील, आणि नव्या विश्वस्ताची नोंद ९० दिवसांच्या मुदतीत होतच नाही.

आयकर पोर्टलचा पासवर्ड आणि डिजिटल सही यांचा ताबा संस्थेकडेच असावा. सीएच्या कार्यालयाला काम करण्यापुरती परवानगी द्यावी. नोंदणीसाठी दिलेला मोबाइल क्रमांक व ईमेलही संस्थेचाच असावा, म्हणजे खात्याची नोटीस दुसऱ्याच्या पेटीत पडून राहत नाही.

सल्ला वेळेवर घ्यावा

पुष्कळ संस्था सीएकडे वर्षातून एकदाच, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जातात. तोवर वर्ष संपलेले असते आणि सीएला फक्त झालेल्या गोष्टी नोंदवता येतात. हे वरातीमागून घोडे झाले. एका उदाहरणाने पाहू.

समजा, ४० मुलांच्या एका वसतिगृहाला वर्षभरात १८,००,००० रुपये सर्वसाधारण देणग्या मिळाल्या. १९६१ च्या आयकर कायद्यात करमाफीसाठी उत्पन्नाचे ८५ टक्के त्या वर्षी उद्देशासाठी खर्च व्हावे लागतात, म्हणजे १५,३०,००० रुपये. पावसाळ्यापूर्वी करायचे छपराचे काम लांबल्याने ३१ मार्चपर्यंत १४,००,००० च खर्च झाले. १,३०,००० रुपयांचा फरक राहिला. हे फेब्रुवारीत सीएला कळले असते तर पत्रे खरेदी करून काम सुरू करता आले असते, किंवा ठराविक कामासाठी पाच वर्षांपर्यंत रक्कम राखून ठेवण्याचा फॉर्म मुदतीत भरण्याची तयारी करता आली असती. सप्टेंबरअखेर कळले तर मुदत हातातून गेलेली असते आणि मुलांच्या जेवणाच्या पैशातून कर भरण्याची वेळ येते.

म्हणून वर्षाचे साधे वेळापत्रक भिंतीवर लावावे :

एप्रिल : मागील वर्षाच्या वह्या बंद करणे, रोकड मोजून दोन सह्यांचा दाखला लिहिणे, बँकेचा जुळणी तक्ता करणे.
मे : ८० जीच्या देणगीदारांची यादी तपासून १० बीडी विवरण ३१ मेपूर्वी भरणे. त्यानंतरच देणगीदाराला १० बीई प्रमाणपत्र मिळते. उशीर झाल्यास दररोज २०० रुपये शुल्क लागते.
जुलै : सर्व कागद सीएकडे पोहोचवणे.
सप्टेंबर : ऑडिट पूर्ण करणे. ऑडिट लागणाऱ्या संस्थांच्या आयकर अहवालाची नेहमीची मुदत ३० सप्टेंबर आणि विवरणपत्राची ३१ ऑक्टोबर असते.
डिसेंबर : परदेशी मदत घेणाऱ्या संस्थांनी एफसी-४ परतावा ३१ डिसेंबरपर्यंत भरणे.
फेब्रुवारी : सीएबरोबर तासभर बसून वर्षाचा अंदाज पाहणे आणि पुढील वर्षाचे अंदाजपत्रक ठरवणे.

मुदती शासन कधी कधी वाढवते. वाढेल असे धरून मात्र काम करू नये.

पाड्यावरचे खरे प्रश्न सीएसमोर मांडावेत

शहरातल्या सीएला आपल्या भागाच्या अडचणी ठाऊक नसतात. त्या लपवल्या तर तो संशय घेतो आणि सांगितल्या तर मार्ग सुचवतो.

आठवडी बाजारात भाजी, सुकट, मिरची विकणारी बाई बिल देत नाही. अशा वेळी खर्चाचे व्हाउचर आपण करावे. तारीख, बाजाराचे गाव, वस्तू, वजन, दर, रक्कम, खरेदी करणाऱ्याची सही आणि दुसऱ्या साक्षीदाराची सही. अंगठा असेल तर तो कोणाचा हे बाजूला लिहावे. जीपचे भाडे आणि कुंपण घालणाऱ्या मजुरांची मजुरी याच पद्धतीने नोंदवावी. महिन्याच्या शेवटी आठवून एकगठ्ठा व्हाउचर लिहिण्याची सवय मोडावी, कारण एकाच शाईतली, एकाच हस्ताक्षरातली तीस व्हाउचरे पाहून कोणताही तपासनीस थांबतो.

रोख खर्चाला मर्यादा आहे. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिली तर आयकरासाठी तो खर्च धरला जात नाही. किराणा दुकानदाराचे १४,५०० रुपये रोख देण्याऐवजी खात्यावर पाठवावेत. तसेच २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला ८० जीची सवलत मिळत नाही. पावती फाडतानाच हे त्याला सांगावे.

वस्तुरूप देणगी ही आपल्याकडे नेहमीची. कापणीच्या सणाला तांदूळ, नागली, तूर, कोंबड्या, अंडी येतात. शहरातील मंडळ्या ब्लँकेट व वह्या पाठवतात. या सर्वांसाठी साठा नोंदवही ठेवावी. आलेले, वापरलेले, शिल्लक, असे तीन रकाने पुरतात. लिलाव केला तर बोलीची रक्कम पावतीवर आणावी.

विशिष्ट हेतूने आलेला पैसा वेगळा ठेवावा. एखाद्या भगिनीने ‘विहिरीसाठी’ म्हणून दिलेले ५०,००० रुपये जेवणखर्चात गेले, तर वही जुळेल पण शब्द मोडेल. देणगी कायम निधीसाठी आहे असे देणगीदाराचे म्हणणे असेल तर ते लेखी घ्यावे. लेखी नसेल तर सीए ती सर्वसाधारण उत्पन्नात धरतो.

परदेशातील नातेवाइकांच्या देणग्यांबाबत विशेष काळजी घ्यावी. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी बांधवाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी मदत ठरत नाही. पण ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी, ती त्याने सुट्टीवर येऊन रुपयांत दिली तरीही, परदेशी मदत ठरते. अशी मदत परदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, आणि नवी दिल्लीच्या भारतीय स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यातच घेता येते. ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. शंका आली तर पैसे स्वीकारण्यापूर्वी सीएला फोन करावा.

जमिनीचेही तसेच. एखाद्या आदिवासी बांधवाने प्रार्थनागृहासाठी किंवा बालवाडीसाठी जमीन देऊ केली, तर भावनेच्या भरात ती संस्थेच्या नावे लिहून घेता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. हा कायदा त्याच बांधवांच्या रक्षणासाठी आहे. आधी वकिलाचा सल्ला घ्यावा आणि कागद सीएला दाखवावेत.

सीएने प्रश्न विचारले तर

ऑडिटच्या काळात प्रश्नांची यादी येते. ती आली की काही कार्यकर्त्यांना वाईट वाटते. ‘इतकी वर्षे रानावनात काम केले, आणि आता दोनशे रुपयांचे व्हाउचर विचारतात!’ त्यांची भावना समजून घ्यावी, पण प्रश्न मागे घ्यायला सांगू नये. प्रश्न व्हाउचरला असतो, माणसाला नसतो. प्रामाणिक कार्यकर्त्याला तोच प्रश्न पुढे बोलणाऱ्यांच्या तोंडापासून वाचवतो.

उत्तर लेखी द्यावे. कागद नसेल तर ‘नाही’ असे सांगावे. मागच्या तारखेचा कागद तयार करू नये, कारण लहान उणीव त्यामुळे खोटेपणा बनते. सीएने अहवालात शेरा मारला तर तो काढून टाकण्यासाठी आग्रह धरू नये. शेरा सभेत वाचावा, दुरुस्तीचा ठराव करावा आणि पुढच्या वर्षी ‘पूर्तता झाली’ असे लिहून घ्यावे.

कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या ताळेबंदावर सही करू नये. विश्वस्तांपैकी ज्यांना आकडे कळत नाहीत त्यांच्यासाठी सीएला अर्धा तास समजावून सांगायला सांगावे, आणि आपले आदिवासी विश्वस्त असतील तर त्यांच्या बोलीत कोणी तरी अर्थ सांगावा. सही करणारा प्रत्येक विश्वस्त जबाबदार असतो, मग तो मुंबईचा असो की पाड्यावरचा.

ऑडिटची मर्यादाही जाणून घ्यावी. सीए सर्वच्या सर्व व्यवहार पाहत नाही, नमुने घेऊन तपासतो. स्वच्छ अहवाल मिळाला म्हणजे चोरी झालीच नाही अशी हमी मिळत नाही, आणि काम फलदायी झाले की नाही हे तर त्यात दिसतच नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी स्थिती येऊ द्यायची नसेल तर चेकवर दोन सह्या, पैसे मोजताना दोन माणसे आणि दर महिन्याला बँकेची जुळणी हे आपणच पाळावे.

सीए बदलायचा असेल तर

मुदती वारंवार चुकणे, प्रश्नांना उत्तर न मिळणे किंवा कागद परत न मिळणे ही बदलाची योग्य कारणे आहेत. त्याने चूक दाखवली हे योग्य कारण नाही. बदलताना ठराव करावा, राहिलेली फी द्यावी आणि मूळ वह्या, मागील अहवाल, पोर्टलची माहिती यादी करून ताब्यात घ्यावी. नवीन सीएला काम स्वीकारण्यापूर्वी जुन्या सीएला लेखी कळवावे लागते. तो नियम आहे, त्याला आडवाट शोधू नये. वर्षाच्या मध्ये बदल टाळावा.

देणगीदारांनी काय विचारावे

आपण देणगीदार असाल तर संस्थेला चार गोष्टी मोकळेपणाने विचारा. मागील वर्षाचे ऑडिट पूर्ण झाले का? अहवालावर यूडीआयएन आहे का? त्यात कोणते शेरे होते आणि त्यांचे काय केले? मी ज्या हेतूने पैसे दिले तो निधी किती शिल्लक आहे? विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. आणि अहवाल पाठवणाऱ्या संस्थेला एक ओळ लिहून तो मिळाल्याचे कळवा. ऑडिटच्या फीसाठी वेगळी देणगी देणारे फार थोडे असतात. वसतिगृहाच्या तांदळाइतकीच तीही गरज आहे, हे लक्षात असू द्या.

कमिटीत चर्चेसाठी

१. आपल्या संस्थेत हिशेब लिहिणारा आणि तपासणारा वेगळा आहे का? नसेल तर कोणाला शिकवता येईल?
२. मागील ऑडिट अहवालातील शेरे कोणी वाचले आहेत? त्यांपैकी कोणते अजून बाकी आहेत?
३. अर्पणाची रक्कम कोण मोजतो? एकटा मोजतो का?
४. विशिष्ट हेतूने आलेल्या देणग्यांची यादी आज तयार आहे का?
५. सीएबरोबर फेब्रुवारीतील बैठकीची तारीख ठरवा आणि ती इतिवृत्तात लिहा.

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. ज्यांचे उत्तर ‘नाही’ असेल, त्यांच्यापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव आणि तारीख घालावी, आणि पुढील सभेची सुरुवात त्याच कागदापासून करावी.